पाइप ‘बंद’ वाचला आणि मस्कतला जावं लागलं

बुधवारी दुपारी मस्कतच्या गाडीने आलेलं सामान वहीत लिहिलं तसंच इथे उतरवते. तिकिटं बारा, प्रत्येकी तीन रियाल, एकूण छत्तीस. ओल्या नारळाच्या वड्या अर्धा किलो, घरच्या, म्हणून किंमत नाही. ड्रायव्हरला आणणावळ पाचशे बैसा, म्हणजे अर्धा रियाल. आणि एक चिठ्ठी: "वहिनी, पाणी भरून झालं असेल तर आता ही बारा तिकिटं खपव. एक जरी परत आलं तरी तुला वाडी अदाईत पाय ठेवू देणार नाही. शोभा."

शोभावन्सं म्हणजे माझी नणंद. त्या मस्कतला वाडी अदाईत राहतात, आणि आम्ही इथे निझव्यात, दीडशे-पावणेदोनशे किलोमीटर आत, डोंगरात. आमचे हे एसी दुरुस्तीच्या दुकानात आहेत. मस्कतला आम्ही वर्षातून दोनदा जातो, गणपतीला आणि पासपोर्टच्या कामाला. या खेपेला तिसऱ्यांदा जावं लागलं ते माझ्या चुकीमुळे, आणि ती चूक आधी सांगते, म्हणजे पुढचं सगळं कळेल.

वन्सं मोबाइलवर मराठी लिहितात ती इंग्रजी अक्षरांत. सोमवारी त्यांचा निरोप आला. मी भाजी चिरता चिरता वाचला: शुक्रवारी संध्याकाळी पाच ते आठ फायरवाल्यांचा पाइप, आणि पुढे बी, ए, एन, डी. सगळ्यांना कळव.

आता बी, ए, एन, डी म्हणजे काय? मी वाचलं ‘बंद’. तुम्हीही तेच वाचलं असतंत. फायरवाल्यांचा पाइप पाच ते आठ बंद. म्हणजे पाणी नाही. वन्सं मस्कतला असल्या तरी त्यांना सगळीकडची खबर असते, म्हणून मी शंका काढली नाही. आमच्या निझव्याच्या बायकांच्या ग्रुपवर चांगलं मराठीत लिहून टाकलं: "शुक्रवारी संध्याकाळी पाणी बंद. भरून ठेवा. कुठे बाहेर जाऊ नका." मग नेट बंद केलं, कारण दिवसाचा डेटा मी संध्याकाळसाठी राखून ठेवते. त्यामुळे वन्संनी मागाहून पाठवलेलं तिकिटाचं चित्र मी पाहिलंच नाही.

हे घरी आले तेव्हा न्हाणीत चार बादल्या, दोन पातेली आणि कुकर भरलेला.

"गच्चीवर टाकी आहे ना आपली?" हे म्हणाले.

"असू दे. पाणी भरलेलं बरं."

"शुक्रवारचं पाणी सोमवारी भरलंस?"

मी पातेल्यांवर झाकणं ठेवली. शेजारच्या पाटीलबाईंची चिन्मयी आठवीत आहे, ती संध्याकाळी वाटी परत द्यायला आली आणि माझा मोबाइल बघून हसत सुटली. "काकू, हे बंद नाहीये! हे बँड आहे! पाइप बँड! म्हणजे, म्युझिक!"

मी लगेच ग्रुपवर चूक कळवली, पण तोवर फार उशीर झाला होता. माझा निरोप निझव्याहून मस्कतच्या रुवी भागात, तिथून गाला भागात, आणि तिथून वाडी अदाईला वन्संच्या शेजारणीकडे पोचला होता. शेजारीण वन्संनाच सांगायला गेली, "अहो, शुक्रवारी म्हणे पाणी नाही. तुमच्या कार्यक्रमाला यायचं जमेल असं वाटत नाही." मराठी मंडळींच्या वाट्याची तिकिटं वन्संनी खपवायची होती. ती सगळी पडून राहिली. फोनवर वन्सं रडवेल्या झाल्या होत्या, आणि एरवी त्या रडणाऱ्यातल्या नाहीत.

कारण कार्यक्रम होता युनूसभाईंच्या हातासाठी.

युनूसभाई दापोलीकडचे, माझ्या माहेरच्या शेजारच्या गावचे, गालाच्या एका वर्कशॉपात वेल्डर. वन्संचे यजमान तिथेच कामाला. चार महिन्यांपूर्वी शेडला आग लागली. सगळे बाहेर धावले. युनूसभाई मागे राहिले, कारण गॅसच्या सिलिंडरची चावी उघडी होती. ती तापलेली चावी त्यांनी उजव्या हाताने फिरवून बंद केली. नसती केली तर आजूबाजूची तीन दुकानं उडाली असती, असं पुढे आग विझवणारेच म्हणाले. माणूस वाचला, पण तळहात भाजून बोटं आत वळली ती तशीच चिकटली. मूठ उघडत नाही. मुंबईच्या एका दवाखान्याने ऑपरेशनची तारीख दिली होती आणि पैसे आधी भरायचे होते. विमानाचं तिकीट धरून बाराशे रियाल. ज्या फायरवाल्यांनी त्यांना बाहेर काढलं, त्या लोकांचा स्वतःचा पाइप बँड आहे. त्यांनीच हा कार्यक्रम धरला. इथे अशी वर्गणी कुणीही उठून गोळा करायची नसते, कायदा कडक आहे, पण त्यांनी सगळी परवानगी रीतसर काढली होती. चारशे खुर्च्या, तीन रियाल खुर्ची. हिशेब बरोबर बाराशेचा. एकही खुर्ची जास्तीची नव्हती.

आणि त्या खुर्च्यांतल्या लोकांना मी घरी बसून बादल्या भरायला लावलं होतं.

बारापैकी दोन आमची, सहा रियाल, ते मी लगेच डब्यात टाकले. राहिली दहा. बुधवार, गुरुवार मी पायताण घालून दारोदार फिरले. आयुष्यात कधी काही विकलं नव्हतं. पाटीलबाई दारातच म्हणाल्या, "या, पाणीवाल्या बाई! तुमच्या सांगण्यावरून मी चिन्मयीचा लहानपणीचा फुगवायचा टबसुद्धा भरलाय. आता त्यात बदकं सोडू का?"

"सोडा. पण आधी दोन तिकिटं घ्या."

"कसलं गाणं आहे ते तरी सांगा."

"केल्टिक."

"म्हणजे?"

मला तरी कुठे माहीत होतं. चिन्मयी आतून ओरडली, "स्कॉटलंड, आयर्लंड, तिकडचं! दे हॅव, म्हणजे, त्यांच्याकडे बॅग असते, ती दाबायची!" पाटीलबाईंनी दोन घेतली. बाकीच्यांना मी गाण्याचं सांगितलंच नाही, युनूसभाईंच्या हाताचं सांगितलं. गुरुवारी दिवेलागणीपर्यंत सात गेली. तीन उरली. देवापुढे दिवा लावताना ती तिन्ही तिकिटं मी समईखाली ठेवली आणि म्हटलं, आता तू बघ.

शुक्रवारी जुम्म्याची नमाज झाल्यावर दीडच्या सुमाराला निघालो. गाडीचं सांगते, कारण निझव्याहून जाणाऱ्यांना उपयोग होईल. आम्ही नऊ जण, म्हणून खमीसची व्हॅन ठरवली, जाऊन-येऊन अठरा रियाल, माणशी दोन. एकटीदुकटीने जायचं तर बस बरी, भाडं साधारण दोन रियालच पडतं, फक्त तिची वेळ आपल्याला सांभाळावी लागते. खमीस साठीचा ओमानी, निवृत्त फौजी, दाढी पांढरी आणि गाडी त्याहून पांढरी. हिंदी झकास बोलतो. "यल्ला, यल्ला, मैडम लोग," म्हणून त्याने सगळ्यांना बसवलं आणि सामान बघून थबकला. "ये क्या है?"

ते पाणी होतं. भरून ठेवलेलं टाकून द्यायचं माझ्या जिवावर आलं, म्हणून वीस लिटरचा जार भरून घेतला होता. त्याशिवाय दशम्या, शेंगदाण्याची चटणी, लिंबाचं लोणचं, आणि माझ्यापुरते दाणे व केळी, कारण शुक्रवारी माझा देवीचा उपास. पुढचा रस्ता सरळ, गुळगुळीत, दोन्ही बाजूंना झाड नसलेले डोंगर. पहिल्यांदा आले तेव्हा वाटलं होतं, देवाने इथे फक्त दगडच का ठेवले? आता बघता बघता कळतं की एकाही डोंगराचा रंग दुसऱ्यासारखा नाही. इझकीच्या पुढे खजुरांची हिरवी पट्टी लागते. तिथे टपरीवर कडक चहा घेतला, शंभर बैसा, वेलची घातलेला, दाट. उपासाला चालतो. बाकीच्यांनी पराठ्याचे रोल घेतले, दोनशे बैसाला एक. दशम्या असताना ते घ्यायची काय गरज होती, मला कळलं नाही, पण दशम्याही संपल्या.

वाटेत मी खमीसला तिकिटांचं विचारून पाहिलं. "खमीसभाई, आप तीन घंटे गाडी में बैठ के क्या करोगे? अंदर आ जाओ. तीन रियाल."

"क्या है अंदर?"

चिन्मयीने हाताखाली पिशवी दाबल्याचा अभिनय केला आणि तोंडाने विचित्र आवाज काढला. खमीसने एकदम ब्रेकवर पाय ठेवला. "किरबा?" त्याचा चेहरा पोरासारखा झाला. हे वाद्य ओमानी लोकांना नवं नाही, हे मला त्या दिवशी कळलं. इथल्या परेडच्या बँडात ते असतं, उंटावर बसून वाजवणारेही आहेत म्हणे. खमीसने फौजेत वीस वर्षं त्याच्या मागून पावलं टाकली होती. त्याने तीन रियाल काढून डॅशबोर्डवर ठेवले. "खलास. मैं पहली लाइन में बैठेगा."

दोन उरली.

कार्यक्रम एका शाळेच्या मैदानावर होता. थंडीचे दिवस, हवा सुरेख. फाटकापाशी वन्सं टेबल मांडून बसल्या होत्या. मला बघून उठल्या नाहीत.

"किती?"

"दोन राहिली, वन्सं."

"माझी अजून सात आहेत."

एवढंच. मी फाटकाबाहेर जाऊन उभी राहिले. उभी राहिल्यावर तोंड उघडेना. पदर घट्ट धरला आणि हातातली दोन तिकिटं हलवत राहिले. हे लांबून बघत होते. मग तेही येऊन शेजारी उभे राहिले. तेवढ्यात कामाच्या कपड्यातले दोघे जण धापा टाकत आले. गालाचेच, कामगारांच्या कॅम्पात युनूसभाईंच्या खोलीत राहणारे.

"तिकिटं हायत का? आम्ही येणारच नव्हतू. आमच्या कॅम्पात कोनीतरी बोललान की आज पानी जानार, तर सकाळपासून ड्रम भरीत बसलेलू. मगाशी कळला सगला झूट हाय. कोन येडा असं मेसेज पाठवतो काय म्हाईत!"

"हो ना," हे म्हणाले, "काय एकेक लोक असतात." आणि माझ्याकडे न बघता सहा रियाल घेतले. माझी बारा संपली. वन्संची सात तशीच राहिली.

पाचला बँड आला. मी सनई-चौघड्याच्या घरातली, आमचे वडील देवळातले गुरव, त्यामुळे वाजंत्री मला नवीन नाही, पण असली वरात मी पाहिली नव्हती. वीसेक जण. खाली चौकटीच्या कापडाचे चुण्याचुण्यांचे घागरे, गुडघ्यापर्यंत मोजे, त्यावर फायरवाल्यांचे जाड बूट, आणि त्यातल्या ओमानी लोकांच्या डोक्यावर नक्षीची टोपी. पाटीलबाई माझ्या कानात म्हणाल्या, "अहो, घागऱ्याला निऱ्या किती बघा. मापात नऊवारीच होईल." पुढे पिकल्या दाढीचा स्कॉटलंडचा मास्तर. त्याच्या शेजारी उंच, काळासावळा सलीम. युनूसभाईंना खांद्यावर घालून बाहेर आणलं तो हाच.

वाद्याचं सांगते. काखेत कातडी पिशवी. एका नळीने ती फुंकून भरायची, आणि एका नळीवर बोटांनी वाजवायचं, ते सनईसारखं. पण पिशवीतून तीन लांब नळ्या निघून खांद्यावर उभ्या असतात. त्यांना बोटं लावायचीच नसतात. त्या फक्त एक आवाज धरून ठेवतात, शेवटपर्यंत. गाणं त्यावर चालतं.

तो आवाज सुरू झाला, अजून गाणं यायचं होतं, आणि माझे हात आपोआप जुळले.

आमचे दादा, म्हणजे वडील, सनई वाजवत नसत. सनई काका वाजवायचे. दादा सूर धरायचे. बाजूला बसून, गाल फुगवून, एकच सूर, पहाटेची पूजा संपेपर्यंत. लोक काकांना नारळ द्यायचे, शाबासकी द्यायचे. शाळेतल्या मुली मला म्हणायच्या, तुझ्या बाबांना एकच येतं वाटतं! मी घरी येऊन दादांवर रुसले होते एकदा. दादा हसले फक्त. त्यांना जाऊन आता बरीच वर्षं झाली, आणि त्यांचा सूर मला ओमानात, घागरा नेसलेल्या आगवाल्यांच्या खांद्यावर सापडला.

गाणी एकापेक्षा एक. काही इतकी उड्या मारणारी की गालाचे दोघे उठून नाचले आणि खमीस पहिल्या रांगेत ताठ बसून बुटाने ताल धरत होता. काही संथ, समुद्रापलीकडे कुणीतरी राहिलंय अशी. शब्द नव्हते म्हणून बरं, नाहीतर आमच्यातल्या निम्म्या बायकांना घरची आठवण आली असती. तशी ती आलीच.

युनूसभाई पहिल्याच रांगेत होते. सगळे टाळ्या वाजवत तेव्हा ते डाव्या हाताने खुर्चीचा दांडा ठोकत. उजवा हात मांडीवर, रुमालाखाली.

मगरिबची अजान झाली तसं वाजवणं थांबलं आणि मध्यंतर झालं. मी पश्चिमेकडे तोंड करून मनातल्या मनात दिवा लावला. डोळे उघडले तर समोर सलीम, घामाघूम, माझ्याकडे हात करून म्हणतोय, "माय! माय!"

मला भरून आलं. "काय रे बाळा?" म्हटलं आणि जार वाकडा करून पेला भरून दिला. तो गटागटा प्याला, पुन्हा म्हणाला, "माय," मी पुन्हा भरला. यांनी मागून सांगितलं, "अगं, अरबीत पाण्याला माय म्हणतात. तो तुला आई नाही म्हणत." मी म्हटलं, मग काय बिघडलं? त्याला पाणी मिळालं. तेवढ्यात बाकीचे वाजवणारेही आले, कारण पाण्याची पेटी आणायची राहून गेली होती. निझव्याहून आणलेलं ते वीस लिटर पाणी पंधरा मिनिटांत संपलं. वन्सं हे टेबलावरून बघत होत्या. संध्याकाळी पहिल्यांदा त्या हसल्या. "वहिनी," त्या ओरडल्या, "पाइप बंद झाला ना तुझा?"

पण मध्यंतरानंतर त्या माझ्यापाशी आल्या तेव्हा हसू नव्हतं. खुर्च्या मोजून झाल्या होत्या. नऊ रिकाम्या. त्यांची सात, आणि आणखी कुणाची दोन. सत्तावीस रियाल कमी. "रविवारी पैसे भरायचेत. तारीख गेली तर पुढची कधी मिळेल कोण जाणे. बोटं जितके दिवस तशी राहतील तितकी आवळत जातात म्हणे." रविवार म्हणजे परवा. त्या नऊ खुर्च्यांकडे मला बघवेना. एकेका खुर्चीवर माझी एकेक बादली ठेवलेली दिसत होती.

वन्संनी जाऊन मास्तरला काय सांगितलं माहीत नाही. त्याने माइकवर जाहीर केलं, चिन्मयीने मला भाषांतर करून सांगितलं: "तो म्हणतो, आता ज्याला जे पाहिजे ते, म्हणजे, ऐकवणार. एका गाण्याचे तीन रियाल."

खमीस सगळ्यात आधी उभा राहिला. त्याला परेडची चाल हवी होती. मग एका गोऱ्या बाईने एक मागितलं, मग पाटीलबाईंनी, "जे मघाशी वाजवलं ते पुन्हा, त्याचे काय पैसे लागतील?" लागले. मग सगळं शांत. तीन झाली. सहा हवी होती. लोक एकमेकांकडे बघू लागले.

माझ्या कमरेच्या पिशवीत सत्यनारायणासाठी बाजूला काढलेले दहा रियाल होते. मी उठले. कधी उठले, मलाच कळलं नाही. "चिन्मयी, चल. त्याला सांग, मला सूर पाहिजे."

"कोणतं साँग?"

"गाणं नको. मागच्या तीन नळ्या फक्त. तो सूर."

"काकू, ते ड्रोन्स आहेत. त्याच्यात ट्यून नसतं."

"तेच सांग."

तिने सांगितलं. मास्तरने भुवया वर केल्या, काहीतरी विचारलं. चिन्मयी म्हणाली, "तो विचारतो, गाणं नको तर मग पैसे कशाचे?"

"म्हणावं, धरून ठेवण्याचे."

मास्तरने माइक बाजूला ठेवला. मग त्याने सलीमला खूण केली. सलीम पुढे आला, पिशवी फुगवली, बोटांची नळी एका हाताने मिटली, आणि नुसता सूर उभा राहिला. आधी कुणीतरी फिदकन हसलं. मग हसू थांबलं. किती वेळ चाललं, मी घड्याळ पाहिलं नाही. माणूस श्वास घ्यायला थांबला तरी पिशवीमुळे सूर थांबत नाही. दादांना ही पिशवी मिळाली असती तर!

संपल्यावर युनूसभाई मान खाली घालूनच म्हणाले, "भाभी, आमच्या उरसाला संदलची मिरवणूक निघताना असाच आवाज यायचा. तुमच्याच गावचे वाजवणारे यायचे. एक म्हातारा निस्ता फुंकीत बसायचा बाजूला."

"गाल फुगवून?"

"हां. मला हसायला यायचं लहानपणी."

"मलाही," मी म्हटलं. "ते माझे वडील."

युनूसभाईंनी डाव्या हाताने डोळे पुसले आणि म्हणाले, "म्हणजे माफी मागायची राहिली म्हणायची." आणि मग हसलो दोघे.

त्यानंतर लोक कसे उठले ते सांगता येत नाही. गालाच्या दोघांनी एकेक मागितलं. यांनीसुद्धा, न विचारता, तीन रियाल दिले आणि म्हणाले, "काहीही वाजवा, जोरात." सात झाली, नऊ झाली, अकरा झाली. आठला दोन मिनिटं कमी असताना वन्संनी माइक हातात घेतला आणि मराठीतच ओरडल्या, "झाले! बाराशे झाले, वर सहा!" मराठी न समजणाऱ्यांनीही टाळ्या वाजवल्या. खुर्चीच्या दांड्यावर ठोकण्याचा आवाज मला त्यातूनही वेगळा ऐकू आला.

बाकी मंडळी खमीसबरोबर परत गेली. आम्ही वाडी अदाईला राहिलो. वन्संनी मला घरात पाय ठेवू दिला.

शनिवारी सकाळी युनूसभाई चहाला आले, तेव्हा खरी गोष्ट कळली. त्यांच्या अम्मीला ऐकू येत नाही. फोनवर बोलून काय उपयोग, म्हणून ते दर जुम्म्याला पत्र लिहायचे. अक्षर मोत्यासारखं, कॅम्पातल्या अर्ध्या लोकांची पत्रं तेच लिहीत. चार महिन्यांत पत्र नाही. व्हिडिओवर तोंड दाखवतात, हसतात, आणि उजवा हात चित्राबाहेर ठेवतात. दुसऱ्याकडून एक पत्र लिहवून पाठवलं, तर अम्मीने सुनेला सांगितलं, हे माझ्या पोराचं नव्हे. तेव्हापासून व्हिडिओवर ती बोलत नाही. फक्त हवेत बोटाने लिहून दाखवते.

"तिला हाताचं बोललो नाय," युनूसभाई म्हणाले. "मुंबईत ऑपरेशन होऊन बोटं उघडली की मग घरी जायचा. तोपर्यंत गावात पाऊल नाय."

मी यांच्याकडून दुकानाच्या टपालपेटीचा नंबर घेतला, कारण इथे घरी पोस्टमन येत नाही, आणि एका पाकिटावर आमचा निझव्याचा पत्ता स्वच्छ लिहून त्यांना दिला. माझ्या पर्समध्ये गावाहून आल्यापासून शंभर रुपयांची एक नोट घडी घालून होती, ती टपालाच्या तिकिटांसाठी आत ठेवली.

मग वन्संबरोबर जुन्या मस्कतला महादेवाच्या देवळात गेलो. समुद्राच्या बाजूला, डोंगराच्या कुशीत. अभिषेक नाही केला, फूल वाहिलं आणि सत्यनारायण पुढच्या महिन्यावर गेल्याचं देवाला सांगितलं. जाणाऱ्यांनी सकाळी लवकर जावं, नंतर गाडी लावायला जागा मिळत नाही. तिथून मत्रहच्या किनाऱ्यावर अर्धा तास बसलो, त्याला पैसे पडत नाहीत. दुपारच्या बसने निझव्याला.

घरी आल्यावर वही उघडली. दोघांची तिकिटं सहा रियाल, जाताना व्हॅन चार, येताना बस चार, चहा दोनशे बैसा, आणणावळ पाचशे. फर्माईश दोन, सहा रियाल. सगळे मिळून वीस रियाल सातशे बैसा. एका संध्याकाळसाठी एवढा खर्च मी लग्नानंतर केलेला नाही. यांनी विचारलं, "सुराचे तीन कशात लिहिलेस?" मी त्यांना वही दाखवली. औषधपाण्यात लिहिले होते.

न्हाणीतल्या बादल्या अजून भरलेल्या होत्या. झाडांना घातल्या.

युनूसभाई मंगळवारी मुंबईला गेले. पुढच्या आठवड्यात ऑपरेशन आहे. हे सगळं त्यांना विचारूनच लिहिलं आहे, नाव तेवढं बदललं. वन्सं त्यांना हे वाचून दाखवणार आहेत, म्हणून शेवटचं त्यांच्यासाठीच लिहिते.

युनूसभाई, घाई करू नका. डॉक्टर सांगतील तेवढाच हात हलवा. बोटं उघडली की पहिलं पत्र अम्मीला. त्यात काय लिहायचं ते तुम्हाला मी काय सांगणार? दुसरं मला, एकच ओळ पुरे, वाकडीतिकडी चालेल. इंग्रजी अक्षरांत मात्र लिहू नका, मी काहीतरी भलतंच वाचेन. तुमच्या उजव्या हाताने, मराठीत, मूठ उघडली की उलट टपाली कळवा.